विकलेल्या स्कूटरच्या सतरा पावत्या

हे प्रकरण मी स्वतः हाताळलं. नावं आणि काही ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, कायद्याचा भाग जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

शशिकांत काका काळाचौकीत राहतात. वय सत्तावन्न. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी त्यांची जुनी स्कूटर कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याला बावीस हजारांना विकली. व्यवहार मुंबईत रोज होतात तसाच झाला: टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या, आरसीचं स्मार्ट कार्ड आणि चावी हातात, पैसे रोख. "नाव आम्ही लावून घेतो काका, तुम्ही निश्चिंत राहा," असं गॅरेजवाला म्हणाला आणि काका खरोखरच निश्चिंत झाले.

टीटी फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ ही विकणाऱ्याची स्वतःची सूचना आहे. ती दुसऱ्याच्या हातात कोरी सोपवली की आपली बाजू सांगणारा एकमेव कागद आपणच देऊन टाकतो. काकांच्या बाबतीत दोन्ही फॉर्म आरटीओपर्यंत पोचलेच नाहीत.

कळलं कसं

स्कूटर घेताना दिलेला मोबाइल नंबर आता काकूंच्या बटणांच्या फोनमध्ये होता. त्यावर दोन वर्षं वाहतूक दंडाच्या चलनाचे एसएमएस येत होते. काकूंनी ते वाचले होते आणि जाणूनबुजून सोडून दिले होते. चलनाच्या नावाने खोट्या लिंक येतात, फाइल उघडली की बँकेचं खातं रिकामं होतं, हे त्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. त्यांची सावधगिरी योग्यच होती. लिंक उघडायची नाही, हे बरोबर. पण महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर आपण होऊन गाडीचा नंबर टाकून खात्री करता येते, हे घरात कुणाला सुचलं नाही. स्कूटर विकलेली होती ना.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लोकअदालतीत हजर राहण्याची दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीची, नोटीस आली. ती मुलाने, ओंकारने वाचली. सतरा चलनं, एकूण चौदा हजार रुपये. दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्याकडे आले.

अडचण नेमकी काय होती

काकांचा पहिला प्रश्न होता, "चौदा हजार भरून टाकले तर विषय संपेल का?" मी लगेच हो म्हणाले नाही. आधी सगळी चलनं फोटोसकट उघडली आणि तारखेप्रमाणे मांडली. बहुतेक लोक रकमेकडे बघतात. मी आधी फोटो बघते. तासाभरात तीन ढीग झाले.

पहिला ढीग विक्रीच्या आधीचा. चार चलनं, तीन हजार रुपये. दोन हेल्मेटची, दोन नो-पार्किंगची. फोटोतला शर्ट ओळखून ओंकारने मान खाली घातली. दादरला क्लासला जाताना स्कूटर तोच नेत असे.

दुसरा ढीग विक्रीनंतरचा. बारा चलनं, नऊ हजार रुपये. सात हेल्मेटची, तीन सिग्नलची, दोन ट्रिपल सीटची.

तिसऱ्या ढिगात एकच चलन, दोन हजारांचं, वांद्रे-वरळी सी लिंकवर वेगमर्यादा ओलांडल्याचं. सी लिंकवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. फोटोत चंदेरी रंगाची मोटारगाडी होती. प्लेट मोठी करून पाहिली तर स्क्रूच्या डोक्यामुळे 'सी' चं 'जी' दिसत होतं. गाडी दुसरी, नंबर दुसरा, चलन मात्र काकांच्या स्कूटरवर.

मग मी काकांना त्यांचं लायसन मागितलं, निव्वळ सवयीने. ते ११ जानेवारी २०२४ ला संपलं होतं. म्हणजे नोटीस हातात होती त्या दिवशी जवळपास अकरा महिने उलटले होते. काका म्हणाले, "महिनाभर चालतं ना तसं?" पूर्वी चालायचं. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन वैध धरलं जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता मुदत संपते त्या दिवसापासून लायसन नाहीच, असं धरलं जातं. आणि काका सप्टेंबरमध्ये गणपतीला मेहुण्याची गाडी चालवत थेट सावंतवाडीपर्यंत जाऊन आले होते. वाटेत अडवलं असतं तर कलम १८१ खाली काकांना पाच हजार आणि गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मेहुण्यालाही पाच हजार. अपघात झाला असता तर विमा कंपनीने लायसनचा मुद्दा काढला असता, ते वेगळंच.

तरी या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती चलनात कुठेच न दिसणाऱ्या एका गोष्टीची. स्कूटरचा विमा फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलेला होता, आणि आरसीवर नाव काकांचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलं आहे की अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी 'मालक' म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. तिथे गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणजे काकांच्या स्कूटरखाली उद्या कुणी आलं असतं तर भरपाईचा आकडा चौदा हजारांत बसणारा नव्हता. काळाचौकीची खोली पणाला लागली असती.

समोर असलेले मार्ग

सगळं भरून मोकळं व्हायचं, हा पहिला मार्ग. ओंकारचा कल तिकडे होता. त्यातली मेख अशी की हेल्मेट आणि ट्रिपल सीट हे नुसते दंडाचे गुन्हे नाहीत. कायद्यात दंडासोबत तीन महिने लायसन अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. आणि दंड भरून तडजोड केली म्हणजे लायसनवरची कारवाई टळते असंही नाही. कलम २०० मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय भरलेली पावती पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजली जाते. ज्या माणसाला महिनाभरात लायसन नूतनीकरणासाठी आरटीओच्या दारात उभं राहायचं आहे, त्याने दुसऱ्याने केलेले नऊ असे गुन्हे स्वतःच्या नावावर मान्य करावेत का? मला ते पटेना.

लोकअदालतीत जायचं, हा दुसरा. तिथे काही वेळा रक्कम कमी होते, काही वेळा होत नाही. सवलत हा हक्क नाही. मुख्य म्हणजे लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोड झाली की 'ही स्कूटर तेव्हा माझ्याकडे नव्हती' हे म्हणण्याची जागा उरत नाही.

तिसरा मार्ग काकांच्या एका मित्राने सुचवला होता: काही करू नका, जुनी चलनं आपोआप मरतात. यात तथ्य आहे, पण अर्धं. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायला हवी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ आहे. आमच्या बारापैकी बहुतेक चलनं सहा महिन्यांपलीकडची होती आणि न्यायालयात एकही गेलेलं नव्हतं. मात्र सिग्नल तोडल्याची नोंद धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ खाली असेल तर कैदेची तरतूद असल्याने मुदत वर्षाची होते, आणि उशिराचं कारण पटलं तर न्यायालय तो माफही करू शकतं. हा बचाव न्यायालयात उभं राहून मांडायचा असतो. संकेतस्थळावरची थकबाकी त्याने पुसली जात नाही, आणि थकबाकी असेपर्यंत नाव हस्तांतराचा अर्ज पुढे सरकत नव्हता. म्हणजे मुदतीचा मुद्दा जिंकूनही काका मालकच राहिले असते.

चौथा मार्ग लांबचा होता: स्कूटर सध्या कुणाकडे आहे ते शोधायचं, ज्याची चलनं त्याच्याकडून भरून घ्यायची आणि नाव बदलायचं. आम्ही तो धरला. पण लायसनचं काम त्याच्या मागे थांबवायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

लायसन आधी. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर नुसतं नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. काकांच्या हातात पाच आठवडेही नव्हते. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, चाळिशीपुढच्यांना लागणारं डॉक्टरांचं फॉर्म १-अ प्रमाणपत्र, शुल्क, आणि ताडदेव आरटीओत एक फेरी. डिसेंबर संपण्याआधी काम झालं. पंचावन्नच्या पुढे असल्याने पाच वर्षांसाठी मिळालं. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं. काकूंनी मेहुण्याला फोन करून ते पक्कं केलं.

सी लिंकच्या चलनाविरुद्ध त्याच संध्याकाळी ऑनलाइन तक्रार टाकली. सोबत आरसीची प्रत, स्कूटरचा फोटो आणि एकच वाक्य: फोटोतलं वाहन चारचाकी आहे, नोंदलेलं वाहन दुचाकी आहे. ओंकारने आधी दीड पानाचा मजकूर लिहून आणला होता, त्यात नागरिकांच्या हक्कांवरही एक परिच्छेद होता. तो मी काढायला लावला. तक्रार वाचणाऱ्याला दहा सेकंदांत फरक दिसला पाहिजे. ते चलन रद्द झालं. इथे एक खबरदारी मात्र घेतली होती. कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचणं वेगळं आणि कुणीतरी आपल्याच नंबरची प्लेट लावून फिरणं वेगळं. दुसरा प्रकार असेल तर ऑनलाइन तक्रार पुरत नाही, पोलीस ठाण्यात जावं लागतं. प्लेट मोठी करून पाहिली ती यासाठीच.

ओंकारची चार चलनं काकांनी पूर्ण भरली. तिथे लढण्यासारखं काही नव्हतं. पैसे ओंकारच्या पगारातून कापले गेले, असं काकूंनी सांगितलं.

आता बारा चलनांचा ढीग. विक्रीचा पुरावा काय, यावर घरात दोन दिवस शोधाशोध झाली. शेवटी मिठाईच्या जुन्या डब्यात, लाइट बिलांच्या खाली, गॅरेजवाल्याच्या शिक्क्याची पावती सापडली. 'स्कूटर मिळाली', खाली तारीख आणि सही. पाच ओळींचा कागद, पण सगळं प्रकरण त्याच्यावर उभं राहिलं. तो दाखवल्यावर गॅरेजवाल्याचा सूर बदलला. त्याने स्कूटर जानेवारी २०२३ मध्ये एकाला आणि तिथून परत आल्यावर जूनमध्ये नितीनला दिली होती. दोन्ही वेळा काकांच्या त्याच कोऱ्या सह्यांवर.

नितीन चेंबूरला राहतो, मूळचा साताऱ्याकडचा, वय तेवीस, घरोघरी जेवण पोचवतो. आम्ही चुनाभट्टीला एका चहाच्या टपरीवर भेटलो. तो घाबरून आला होता. स्कूटर काढून घेतील असं त्याला वाटत होतं. नाव लावून घ्यायचं असतं हे त्याला माहीत होतं, पैसे नव्हते. त्याच्याकडे लायसन होतं, विमा नव्हता. पहिली गोष्ट आम्ही ती केली. आरसी काकांच्या नावावर असल्याने त्यांच्याच नावाने थर्ड पार्टी विमा काढला, पैसे नितीनने दिले. विमा हातात येईपर्यंत त्याने दोन दिवस कंपनीच्या एका मित्राची सायकल वापरली.

मग हिशेब. जून २०२३ च्या आधीची तीन चलनं, दोन हजार रुपये. ती गॅरेजवाल्याने भरायची. उरलेली नऊ, सात हजार रुपये, नितीनची. इथे नितीनने एक प्रश्न विचारला जो मला सुचायला हवा होता. त्याच्या दोन्ही सिग्नलच्या पावत्या दीड-दीड हजारांच्या होत्या, कारण कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजार. "पण पहिला सिग्नल मी तोडलाच नव्हता, तेव्हा स्कूटर माझ्याकडे नव्हती." बरोबर होतं त्याचं. गुन्हा माणसाचा असतो, स्कूटरचा नव्हे. त्याची पहिली पावती पाचशेचीच व्हायला हवी होती. मी तक्रार टाकू या म्हणाले. एका हजारासाठी आणखी दोन दिवस बुडवायला तो तयार नव्हता. त्याचा रोजचा हिशेब माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो.

जिथे मी अडखळले

कलम १३३ प्रमाणे, वाहन कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर मालकाने सांगायचं असतं. काकांच्या बाजूने माझा सल्ला सरळ होता: वाहतूक शाखेला पत्र द्या, विक्रीची पावती जोडा, कुठल्या तारखेपासून स्कूटर कुणाकडे होती ते लिहा, पोच घ्या. पण त्या पत्राचा अर्थ असा की हेल्मेटच्या सहा पावत्या नितीनच्या लायसनकडे वळणार. तीन महिने लायसन गेलं तर त्याचा रोजगारच गेला. तो माझा पक्षकार नव्हता. टपरीवर बसून त्याला 'इथे सही कर' म्हणणं मला जमलं नाही.

मी त्याला या सहीने काय होऊ शकतं ते सांगितलं. असंही सांगितलं की लायसन निलंबित करण्याचा अधिकार आरटीओचा आहे, आधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळू शकतो, तिथे आधी जाऊन ये, म्हणाले. काका थोडे नाराज झाले. आठवडा गेला. नितीन जाऊन आला आणि त्याने सही केली, कारण स्कूटर त्याला स्वतःच्या नावावर हवी होती. हे लिहीपर्यंत त्याला लायसनबद्दल कसली नोटीस आलेली नाही.

निष्पत्ती

लोकअदालतीच्या आधीच सोळा चलनं भरली गेली आणि एक रद्द झालं. काकांच्या खिशातून चौदा हजारांऐवजी तीन हजार गेले, तेही मुलाचे. फॉर्म २९ आणि ३० नव्याने, पूर्ण भरून, तारीख घालून सह्या झाल्या. हस्तांतराचं शुल्क आणि उशिराचा दंड गॅरेजवाल्याने दिला. बराच वेळ घासाघीस करून, पण दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरसीवर नितीनचं नाव लागलं.

आता तेच प्रकरण आलं तर

विमा मी चौथ्या दिवशी काढायला लावला. पहिल्या दिवशी नितीन कोण हेच माहीत नव्हतं हे खरं. पण आरसी काकांच्या नावावर होती, ते त्याच संध्याकाळी घरबसल्या विमा काढू शकले असते. हप्ता त्यांच्या खिशातून गेला असता, एवढंच. ते चार दिवस काही घडलं नाही, हे आमचं नशीब.

फॉर्म २९ उशिरा का होईना, काकांकडून ताबडतोब आरटीओत दाखल करून पोच घ्यायला हवी होती. मी ती नितीन सापडेपर्यंत थांबवली, दोन्ही फॉर्म एकत्र देऊ म्हणून. नितीन सापडला नसता तर काकांच्या हातात एकही पोच नसती.

काकांनी काय वेगळं करायला हवं होतं, ते सरळ आहे. कोऱ्या सह्या नाहीत, फॉर्म २९ स्वतः दाखल करायचा, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहून घ्यायची. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याला गाडी देताना त्याची सूचना पोर्टलवर द्यायची सोय झाली आहे. ती दिली की नाव हस्तांतर होईपर्यंत गाडी ताब्यात घेणारा तो विक्रेताच मालक मानला जातो. काकांचा व्यवहार त्याआधीचा होता, आणि त्या गॅरेजकडे असली नोंदणी आजही नाही.

गॅरेजवाल्याकडून पहिल्या खरेदीदाराची माहिती लेखी घेतली नाही, हीही माझी चूक. त्या तीन चलनांचे पैसे त्याने भरले म्हणून मी विषय सोडला.

मार्चमध्ये नितीनचा मला मेसेज आला. सोबत सी लिंकवरचा फोटो, तीच चंदेरी गाडी, प्लेटवर तोच स्क्रू. तक्रार त्याने आधीच टाकली होती, एका वाक्याची. खाली लिहिलं होतं, "मॅडम, माझी स्कूटर सी लिंकवर गेली म्हणे."